तेलविहीर-वेधनातील हस्त-इजा

खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या विहिरी खणणाऱ्या यंत्रसंचावर म्हणजे रिगवर काम करताना फिरत्या, सरकत्या वा ओढल्या जाणाऱ्या यंत्रभागांमुळे कामगारांची बोटे, तळहात व मनगट यांना होणाऱ्या इजा. बोट चेंगरणे, हाड मोडणे, कातडी सोलून निघणे, कंडरा वा तंत्रिका तुटणे आणि बोटाचा वा हाताचा भाग पूर्णपणे तुटून वेगळा होणे या सर्वांचा यात समावेश होतो. तेलविहीर अनावर होऊन होणाऱ्या स्फोटांची व आगींची वार्ता जगभर जाते; परंतु रिगवरील रोजच्या कामात माणसाला जायबंदी करणाऱ्या घटनांमध्ये हातांच्या इजांचा क्रमांक वरचा आहे. वेधन कंत्राटदारांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६२ पासून अपघातांची आकडेवारी गोळा करीत आली आहे. तीत इजा झालेल्या शरीरभागांनुसार जी वर्गवारी केली जाते, तिच्यात बोटे व हात यांचा वाटा सातत्याने सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी आढळतो.

कारखान्यातील यंत्राच्या इजांहून या इजा एका बाबतीत वेगळ्या आहेत. छापखाना, गिरणी किंवा पत्र्याच्या कामाचे प्रेस यांत हात यंत्राच्या धोक्याच्या जागी जातो तो बहुधा चुकून वा घाईने. तेथे जाळी किंवा अडसर बसविला की धोका पुष्कळसा टळतो. रिगवरील जुन्या पद्धतीच्या अवजारांना मात्र हाताची गरजच असते. त्यांचे जबडे नळीभोवती आणून मिटविणे, त्यांची पकड नीट बसली की नाही हे पाहणे व ती सोडविणे ही कामे माणसाच्या हाताने करावी लागतात आणि लगेच पुढच्या क्षणी त्याच अवजारावर यंत्राची ओढ येते. त्यामुळे अपघाताच्या वेळी यंत्र बहुधा बिघडलेले नसते. ते ठरल्याप्रमाणेच काम करीत असते.

वेधनाची पद्धती : एकोणिसाव्या शतकात तेलविहिरी आघात-पद्धतीने खणीत. दोराला बांधलेली जड लोखंडी पहार उचलून पुनःपुन्हा खाली आपटली जाई. अमेरिकेतील टायटसव्हिल येथील ड्रेक यांची १८५९ ची विहीर अशा प्रकारे खणली गेली होती. टेक्सस राज्यात बोमाँटजवळ स्पिंडलटॉप येथे १० जानेवारी १९०१ रोजी विहिरीतून तेलाचा प्रचंड फवारा उसळला. ही विहीर घूर्णी, म्हणजे फिरत्या वेधकाच्या, पद्धतीने खणलेली होती. तिच्या यशानंतर ही पद्धती सर्वत्र पसरली व पुढे जवळजवळ एकमेव ठरली. हातांच्या इजांचे आजचे स्वरूप या पद्धतीतून आलेले आहे.

घूर्णी पद्धतीत वेधक टोक पोकळ पोलादी नळ्यांच्या लांब माळेच्या तळाशी बसवितात. एक नळी सु. ९ मी. लांब असते, नेहमीच्या वापरातील १२७ मिमी. व्यासाच्या नळीचे वजन सु. ३०० किग्रॅ. भरते. नळ्यांची टोके आट्यांची असून ती एकमेकींत पिळून बसवितात. रिगच्या मनोऱ्याखालील तक्तपोशीला रिगचा मजला म्हणतात. तिच्या मध्यभागी रोटरी टेबल हे फिरते मेज असते व त्याच्या योगाने सर्व माळ फिरविली जाते. मनोऱ्याच्या माथ्यावरील कप्प्यांवरून आलेल्या तारदोरांना टांगलेला मोठा कप्पीसंच ही माळ वरखाली करतो. तारदोर गुंडाळणारे ढोल व गतिरोधक हे ड्रिलर या मुख्य चालकाच्या हाती असतात. टॉपमन मनोऱ्यावर उंच जागी उभा राहून नळ्यांची वरची टोके सांभाळतो. मजल्यावर तीन ते चार कामगार असतात. भारतात त्यांना रिगमन म्हणतात, अमेरिकेत रफनेक हे नाव रूढ आहे.

विहीर ९ मी. खोल गेली की नवी नळी जोडावी लागते. वेधक टोक झिजले की सबंध माळ वर काढावी लागते. ते बदलून ती पुन्हा आत सोडतात. माळ काढताना तीन तीन नळ्या एकत्रच ठेवतात आणि त्या मनोऱ्यात उभ्या करतात. विहीर ३,००० मी. खोल असेल, तर अशा सु. १०५ तिहेरी नळ्या होतात. म्हणजे एका फेरीत १०५ सांधे सोडायचे व तितकेच पुन्हा जोडायचे. प्रत्येक सांध्याला दोन टाँगा लावणे व काढणे, स्लिप बसविणे व उचलणे, एलेव्हेटर मिटविणे व उघडणे अशी कामे धरली, तर एका फेरीत माणसाचा हात यंत्राच्या जबड्याजवळ जाण्याचे प्रसंग दीड हजारांच्या पुढे जातात. अपघात होण्यास त्यांपैकी एक पुरतो.

टाँग : सांधा घट्ट करणारा वा सोडणारा हा प्रचंड पाना होय. तो मनोऱ्यातून तारदोराने टांगलेला व प्रतिभाराने तोललेला असल्यामुळे माणसाला हाताने हलविता येतो. सांध्याच्या वर एक व खाली एक अशा दोन टाँगा लावतात. एक नळीला धरून ठेवते व दुसरीचा दांडा यांत्रिक ढोलावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने ओढला जातो. १२७ मिमी. नळीचा सांधा घट्ट करण्यास सामान्यतः २,५०० किग्रॅ.-मी. हून अधिक पीळ द्यावा लागतो. टाँगेचा दांडा सु. १·२ मी. लांब असल्याने त्याच्या टोकावर येणारी ओढ दोन टनांच्या वर जाते. ही ओढ सुरू होण्यापूर्वी दोर ढिला असतो व टाँग किंचित मागेपुढे सरकू शकते. ओढ येताच ढिलेपणा एकदम नाहीसा होतो, जबडे नळीत रुतून बसतात आणि दोन्ही दांडे झटक्याने एकमेकांकडे येतात. खटका नीट बसला की नाही हे चाचपण्यासाठी ज्याचे बोट त्या क्षणी बिजागरीत असते किंवा ज्याची मूठ दोन दांड्यांच्या मध्ये असते, त्याला ती सोडविण्यास अवधी मिळत नाही. म्हणूनच टाँगेला हात लावण्याच्या ठराविक मुठी असतात व जबड्याच्या भागाला हात लावण्याची सक्त मनाई असते. परंतु चिखलाने माखलेला खटका नुसत्या मुठीला धरून पुष्कळदा मिटत नाही, आणि मनाई मोडली जाते ती तेथे.

स्पिनिंग चेन : टाँगेने सांधा शेवटी घट्ट होतो, त्याआधी वरची नळी आट्यांत भराभर फिरवून बसवावी लागते. अनेक दशके हे काम लोखंडी साखळीने केले जाई. खालच्या नळीच्या तोंडाभोवती साखळीचे काही वेढे दिलेले असत. वरची नळी तोंडात टेकली की कामगार हाताच्या एका लकबीने ते वेढे झटकन वर उडवून वरच्या नळीवर चढवी व साखळीचे मोकळे टोक हाताने ताणून धरी. ड्रिलर साखळीचे दुसरे टोक ढोलाने ओढी. वेढे उलगडत व नळी गरगर फिरत आट्यांत उतरे. साखळी फेकण्याची ही लकब अवगत होणे ही रिगवरच्या माणसाच्या कौशल्याची खूण समजली जाई. या कामात तिने जितकी बोटे घेतली, तितकी दुसऱ्या कोणत्याही एका अवजाराने क्वचितच घेतली असतील. साखळी व नळी यांच्यामध्ये बोट सापडले, तर ते नळीवर आवळले जाऊन तुटे. हातमोज्याचे टोक कडीत अडकले, तर हात ओढला जाई. क्वचित साखळीच तुटून तिचे टोक चाबकासारखे फिरे. जुन्या तेलक्षेत्रांत माणूस किती वर्षे मजल्यावर उभा आहे, हे त्याच्या उरलेल्या बोटांवरून सांगता येते, असे विनोदाने म्हटले जाई. त्या विनोदाचा बराच भाग या साखळीच्या खाती जमा आहे. हवेच्या वा द्रवाच्या दाबाने चालणारे नळी फिरविणारे साधन आल्यावर साखळीचा वापर मागे पडला व अनेक कंपन्यांनी तिच्यावर बंदी घातली.

स्लिप व एलेव्हेटर : सांधा मोकळा करताना खालची सर्व माळ विहिरीत पडू नये म्हणून रोटरी टेबलाच्या भोकात नळीभोवती दातेरी पाचरी बसवितात. त्यांनाच स्लिप म्हणतात. नळीचे वजनच पाचरी आवळते. त्यांना वर मुठी असतात व दोन किंवा तीन रिगमन मिळून त्या उचलतात. नळी खाली सरकत असतानाच पाचरी टाकल्या, तर त्या एकदम खाली खेचल्या जातात आणि मूठ टेबलाच्या काठावर आपटते. नळीचा जाड सांधा किंवा एलेव्हेटर खाली येताना मुठीवर बसला, तरीही बोटे मध्ये सापडतात. एलेव्हेटर हा नळीच्या मानेभोवती मिटणारा बिजागरीचा जबडा होय. तो दोन लांब कड्यांनी कप्पीसंचाला टांगलेला असतो. तो मिटवून हात काढण्यापूर्वी ड्रिलरने कप्पीसंच उचलला, तर बोट एलेव्हेटर व सांध्याची बाहेर आलेली कड यांत चिरडते. अशा वेळी दोष कोणाचा हे ठरविणे सोपे नसते. ड्रिलरला रिगमनचा हात प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही; यंत्रांच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून इशारे हातांनीच केले जातात, आणि तेच हात त्या वेळी कामात गुंतलेले असतात.

कॅटहेड : हा ढोलसंचाच्या बाजूला सतत फिरणारा गुळगुळीत पोलादी रहाट आहे. त्यावर दोराचे दोनतीन वेढे देऊन दोराचे मोकळे टोक हाताने ताणले की घर्षणामुळे दुसऱ्या टोकाला टांगलेले जड सामान उचलले जाते. घर्षणांक ०·२ धरला, तर तीन वेढ्यांमुळे हाताच्या ओढीच्या सु. ४३ पट ओढ मिळते. म्हणजे २० किग्रॅ. जोराने ओढणारा माणूस आठशे किलोग्रॅमांहून अधिक वजन तोलू शकतो. हात ढिला करताच ओढ थांबते, हे या साधनाचे सौंदर्य; दोराचा एक वेढा दुसऱ्यावर चढला की हात ढिला करूनही ओढ थांबत नाही, हा त्यातील सापळा. अशा वेळी दोर धरलेला किंवा दोराचे मोकळे टोक मनगटाभोवती गुंडाळलेला हात रहाटाकडे खेचला जातो आणि इजा बोटापुरती न राहता बाहूपर्यंत जाते. हवेवर चालणाऱ्या विंचा सर्वत्र मिळू लागल्यावर बहुतेक रिगवरून दोराच्या कॅटहेडचा वापर बंद करण्यात आला.

याखेरीज चिखल उपसणाऱ्या पंपांचे पट्टे व दांडे, चिखल चाळणाऱ्या थरथरत्या चाळण्या, उतरणीवरून मजल्यावर ओढल्या जाणाऱ्या नळ्या आणि क्रेनने हलविण्यात येणारे सामान यांमुळेही बोटे सापडतात. उच्च दाबाच्या द्रवनळीतून सूक्ष्म छिद्रावाटे उडणारा तेलाचा फवारा ही वेगळ्या जातीची पण तितकीच घातक बाब आहे : बोटावर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, वेदना प्रथम फारशी नसते आणि आत शिरलेल्या तेलाने काही तासांत बोटातील ऊतक मरू लागते. अशी खूण क्षुल्लक समजून सोडून देणे हा रिगवरील नेहमीचा व महागात पडणारा प्रमाद आहे.

हात मागे का घेता येत नाही : ‘सावध राहिले असते, तर इजा टळली असती’ हे विधान अपघाताच्या चौकशीत हमखास आढळते. त्याचा खरेपणा गणिताने तपासता येतो. माणसाला धोका दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंत साधारणतः पाव सेकंद लागतो. १२७ मिमी. व्यासाच्या नळीचा परीघ सु. ४० सेंमी. असतो. ती मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर तिचा पृष्ठभाग सेकंदाला ८० सेंमी. सरकतो, पाव सेकंदात २० सेंमी. होतात. प्रौढ माणसाच्या हाताची लांबी मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत याहून थोडी कमीच असते. म्हणजे हातमोजा नळीला चिकटल्याचे मेंदूला कळेपर्यंत सबंध हात नळीबरोबर गेलेला असतो. हलणाऱ्या यंत्राशी हाताने शर्यत करता येत नाही. सावधपणाचा उपयोग हात तेथे नेण्याआधी आहे, नंतर नाही.

यात कामाच्या परिस्थितीची भर पडते. समुद्रातील रिगवर पाळी बहुधा १२ तासांची असते व काम रात्रंदिवस चालते. मजला चिखलाने निसरडा असतो, नळ्या ओल्या असतात. भाडे दिवसावर मोजल्या जाणाऱ्या रिगवर वेळेचा ताण सर्वांना जाणवतो. नवा कामगार विशेष धोक्यात असतो; त्याला अवजाराचा मार्ग माहीत नसतो. मुरलेल्या कामगाराचा धोका वेगळा : हजारदा केलेली हालचाल हात आपोआप करतो व लक्ष दुसरीकडे असते.

हातमोज्यांबाबत मतभेद होते व काही अंशी आहेत. नळीवरील पोलादी कुसळे आणि चिखलातील दाहक रसायने यांपासून बचावासाठी ते हवेतच. परंतु सैल व लांब मनगटाचा हातमोजा फिरत्या भागात हाताच्या आधी अडकतो. अलीकडे बोटांच्या पाठीवर रबरासारख्या पदार्थाच्या पट्ट्या बसविलेले आघातरोधक हातमोजे सर्रास वापरले जातात व त्यांसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मानक प्रसिद्ध झाले. हातोड्याचा निसटता घाव किंवा नळीचा धक्का ते सोसतात. दोन टनांची ओढ सोसण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करणे व्यर्थ होय. अंगठी, कडे, मनगटी घड्याळ व मनगटाला बांधलेला दोरा अथवा गंडा हे मजल्यावर येण्यापूर्वी काढून ठेवण्याचा नियम आहे. अंगठी अडकून शरीराचे वजन तिच्यावर आले, तर बोटाची सर्व कातडी रक्तवाहिन्यांसह हातमोज्यासारखी ओढून निघते आणि हाड व कंडरा उघड्या पडतात. लग्नाची वा ग्रहाच्या खड्याची अंगठी काढण्यास माणसे नाखूष असतात, हे रिगवरील सुरक्षा अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

इजांचे स्वरूप व उपचार : हातात मनगटाची ८, तळहाताची ५ व बोटांची १४ अशी एकूण २७ हाडे असतात. बोटांना स्नायू जवळजवळ नसतात. त्यांची हालचाल बाहूतील व तळहातातील स्नायूंच्या कंडरांनी होते. या कंडरा अरुंद आवरणांतून सरकतात. रिगवरील इजा धारदार पात्याने कापल्यासारखी स्वच्छ नसते. हाड फुटते, आवरण चेंगरते, तंत्रिका ताणून तुटते व जखमेत चिखल, ग्रीझ आणि गंज जातो. जखम भरली, तरी आवरणाला चिकटलेली कंडरा सरकत नाही व बोट ताठ राहते. काही वेळा असे ताठ व संवेदनाहीन बोट कामात अडथळाच होते आणि ते काढून टाकणे रुग्ण पसंत करतो.

पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडण्यात जपानमधील शिगेओ कोमात्सु व सुसुमु तामाई यांना १९६५ मध्ये यश आले. त्यानंतर ही शस्त्रक्रिया जगभर प्रचारात आली. तुटलेले बोट ओलसर, निर्जंतुक जाळीदार कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवतात. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊतक गोठून निकामी होते. योग्य प्रकारे थंड ठेवलेले बोट अनेक तास जोडण्याजोगे राहते, कारण त्यात स्नायू नसतात. तळहात वा मनगट तुटले असेल, तर स्नायूंमुळे ही मुदत बरीच कमी होते. तथापि चिरडलेल्या किंवा पिळून उपटलेल्या बोटांच्या बाबतीत रक्तवाहिन्या दूरवर फाटलेल्या असतात व जोडणीला यश येण्याचा संभव कमी असतो. रिगवरील बहुतेक इजा नेमक्या याच वर्गातील असतात. अंतराचाही प्रश्न असतोच. मुंबईच्या पश्चिमेस सु. १६० किमी. अंतरावर समुद्रात असलेल्या मुंबई हाय क्षेत्रातून रुग्णाला हेलिकॉप्टरने आणावे लागते आणि पावसाळ्यात खराब हवेमुळे उड्डाण लांबणीवर पडू शकते.

इजेचे मोल कायदा टक्क्यांत करतो. भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात उपार्जनक्षमतेतील घट ठरविण्यासाठी तक्ता दिलेला होता. त्यानुसार एका हाताची चारही बोटे गेल्यास ५०, अंगठा गेल्यास ३०, तर्जनी १४, मधले बोट १२ आणि अनामिका वा करंगळी ७ टक्के अशी घट धरली जाई; हाड न जाता केवळ तर्जनीचे टोक तुटल्यास ५ टक्के. हा अधिनियम पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला. अंगठ्याला सर्वांत वरचे स्थान देण्यात तक्त्याने हाताच्या कार्याचा योग्य विचार केलेला दिसतो. परंतु तो सर्व धंद्यांसाठी सामान्य आहे. दांडा घट्ट मुठीत धरण्याच्या क्रियेत अनामिका व करंगळी यांचा भाग मोठा असतो. लेखनिकाला करंगळी गमावल्याने जेवढी उणीव भासेल, तिच्याहून पुष्कळ अधिक उणीव टाँगेची मूठ धरणाऱ्या रिगमनला भासते. तक्त्यात मात्र दोघांचे ७ टक्केच.

प्रतिबंध : फलक, शिकवण, मजल्यावरील धोक्याच्या जागांना भडक रंग देणे, काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी त्यातील धोके बोलून पाहणे हे उपाय जगभर केले जातात व त्यांचा काही उपयोगही होतो. खरा फरक पडला तो यंत्ररचना बदलल्यामुळे. १९७० नंतरच्या दशकात आयर्न रफनेक या नावाचे यंत्र प्रचारात आले. ते टाँग व नळी फिरविणारे साधन या दोहोंचे काम एकट्याने करते आणि ड्रिलर ते दुरून चालवितो. १९८० नंतरच्या दशकात मनोऱ्यातच वरखाली सरकणारी व माळेला वरून फिरविणारी टॉप ड्राइव्ह ही मोटर आली. तिच्यामुळे एकेक नळीऐवजी तिहेरी नळी जोडून वेधन करता येऊ लागले व वेधन चालू असताना करावयाच्या जोडण्यांची संख्या एक-तृतीयांशावर आली. दाबाने चालणाऱ्या स्लिपमुळे पाचरींना हात लावण्याची गरज उरली नाही. उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या क्षेत्रात नळ्या हाताळण्याचे यंत्रीकरण विशेष पुढे गेले व तेथील नव्या रिगवर वेधनाच्या वेळी मजल्यावर माणूस उभा असण्याचे कारणच कमी झाले. जेथे हात अगदी टाळता येत नाही, तेथे लटकते सामान दोरीने किंवा लांब दांड्याने ढकलण्या-ओढण्याची पद्धत आली. तिचे तत्त्व एवढेच की, हात व भार यांच्यामध्ये नेहमी काही अंतर राहावे.

यंत्रीकरणाने इजा थांबल्या नाहीत; त्यांची जागा बदलली. आयर्न रफनेक अडकला, त्याचे दाते बदलायचे असले किंवा त्याची द्रवनळी गळू लागली की माणूस त्याच्या जबड्यात हात घालतोच. त्या वेळी शक्तिपुरवठा पूर्ण तोडून त्यावर कुलूप घालणे व साठलेला दाब काढून टाकणे अत्यावश्यक असते. अमेरिकेत यंत्रांच्या अशा कुलूपबंदीविषयी १९८९ मध्ये सर्वसाधारण मानक करण्यात आले, पण तेल व वायू यांच्या वेधनाला त्यातून वगळण्यात आले. वेधनासाठी स्वतंत्र मानकाचा मसुदा त्याआधी १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याला अंतिम रूप कधीच मिळाले नाही. त्यामुळे तेथे उद्योगाने स्वतः तयार केलेल्या शिफारशींवर अधिक भिस्त राहिली. शिवाय यंत्रीकृत रिग खर्चिक असते. खोल समुद्रातील रिग बहुतांशी यंत्रीकृत झाल्या, तरी जमिनीवरील लहान रिगवर व जुन्या विहिरींची डागडुजी करणाऱ्या रिगवर हाताने लावण्याच्या टाँगा व स्लिप टिकून आहेत.

भारतातील स्थिती : आसाममधील दिग्बोई येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल सापडले. स्वातंत्र्योत्तर काळात तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या १९५६ मधील स्थापनेनंतर गुजरातमध्ये खंबायत व अंकलेश्वर येथे वेधन झाले. सागर सम्राट या जपानमध्ये बांधलेल्या रिगने १९७४ मध्ये मुंबई हाय क्षेत्रात तेल शोधले. १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या धंद्याचा मोठा तळ उभा राहिला. जमिनीवरील तेलक्षेत्रे कायद्याने खाणी समजली जातात व त्यांची तपासणी धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे. १९८४ च्या तेलखाणी विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. समुद्रातील कामासाठी २००८ मध्ये वेगळे नियम करण्यात येऊन त्यांची अंमलबजावणी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपविण्यात आली. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९८९ मध्ये गोव्यात सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण व्यवस्थापन यांविषयीची प्रशिक्षण संस्था स्थापन केली.

इजांची नोंद हा स्वतंत्र विषय आहे. उद्योगात सुरक्षिततेचे मोजमाप बहुतेक ठिकाणी कामाचे दिवस बुडविणाऱ्या अपघातांच्या संख्येवर करतात. बोटाला टाके पडलेल्या कामगाराला घरी न पाठविता दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसवून हलके काम दिले, तर दिवस बुडत नाही व अपघात त्या संख्येत येत नाही. हातांच्या इजा या बाबतीत विशेष सोयीच्या ठरतात, कारण एका हाताला पट्टी असलेला माणूस चालू-बोलू शकतो. बिनअपघाती दिवसांवर बक्षिसे ठेवलेली असतील, तेथे सहकाऱ्यांचे बक्षीस बुडू नये म्हणून कामगार स्वतःही इजा लपवितो. १९५२ च्या खाण अधिनियमाने ‘गंभीर शारीरिक इजा’ या संज्ञेची व्याख्या करताना कामाचे दिवस मोजण्याऐवजी शरीराची हानी पाहिली होती : अवयवाचा कोणताही भाग कायमचा गमावणे आणि हाताच्या वा पायाच्या बोटाच्या एखाद्या पेराचे हाड मोडणे या दोन्ही गोष्टी तीत येत. हाड शाबूत राहून नख व मांस चेंगरलेले बोट या व्याख्येबाहेर राही व त्याची नोंद रिगवरील प्रथमोपचाराच्या वहीत होई.